कपाट नंबर सातमधला वेल

सत्यशीलेला राग यायला फार काही लागत नाही, असं कॉलेजातले लोक म्हणायचे. ते खोटं होतं. तिला राग एकाच गोष्टीचा यायचा. पण ती गोष्ट त्या कॉलेजात दिवसातून दहा वेळा घडायची, त्याला ती तरी काय करणार? एखाद्याला काही ठाऊक असावं आणि त्यानं ते दुसऱ्याला कळू देऊ नये, एवढंच तिला सहन होत नसे. बाकी पगार लांबला, पंखा बंद पडला, शिपाई चहा द्यायला विसरला, तरी ती हूं की चूं करत नसे.

भोकरदन तालुक्यातल्या एका कॉलेजात ती ग्रंथालय सहायक होती. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगून ते सुधारण्यातलं नाही, आणि न सांगताही अशी चार कॉलेजं तुमच्या डोळ्यांपुढे येतीलच. तिथे पुरुष प्राध्यापकाला सर म्हणत, बाई प्राध्यापकाला मॅडम म्हणत आणि सत्यशीलेला नुसतं ‘बाई’. ‘बाई, खिडकी लावा.’ ‘बाई, नॅक तपासणीची फाईल कुठंय?’ ग्रंथालयशास्त्राच्या दोन पदव्या तिच्याकडे होत्या. पण पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडच्या वस्तीवरच्या मेंढपाळाची लेक म्हटल्यावर लोकांच्या लक्षात पदव्या राहायच्या नाहीत, मेंढरं तेवढी राहायची.

ग्रंथालयात भिंतीला लागून सात लोखंडी कपाटं होती. सहांच्या किल्ल्या तिच्याकडे आणि सातव्याची प्राचार्यांच्या खणात. त्या सातव्यात कॉलेजच्या प्राध्यापकांचे पीएच.डी.चे प्रबंध ठेवलेले होते, एकूण एकोणीस, काळ्या रेक्झिनच्या कव्हरात सोनेरी अक्षरांचे. कुलूप कशाला, तर कुणी नक्कल मारू नये म्हणून. “ज्याला आपली नक्कल होईल याची एवढी भीती, त्यानं स्वतःचा कसा लिहिला असेल?” असं ती एकदा स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली होती. त्यानंतर आठवडाभर तिच्याशी कुणी बोललं नाही आणि तिचं बरंच काम उरकलं.

त्या कपाटात काय नव्हतं? तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यावर एक प्रबंध होता. एक मोसंबीच्या रोगावर, एक केदारखेड्याकडच्या बोलीवर. तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्यात काय आहे हे एकाही विहीरवाल्याला ठाऊक नव्हतं, कपाट नंबर सातला ठाऊक होतं.

आणि एक प्रबंध सत्यशीलेच्या घरचा होता. म्हणजे नाव त्यावर डॉ. राधेश्याम यांचं, वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखांचं. विषय तालुक्यातल्या मेंढपाळांची चाऱ्याची आणि औषधाची झाडं. पण त्या विषयाचे पाय सत्यशीलेच्या बापाचे, धुळाजीचे. सोळा-सतरा वर्षांपूर्वी राधेश्याम सर मोटारसायकलवर वस्तीवर यायचे, गाडी लिंबाखाली लावायचे आणि धुळाजीच्या मागं डोंगर चढायचे. धुळाजी दाखवणार, सर फोटो काढणार, फांदी तोडून कागदात दाबणार. दुपारी सत्यशीलेची माय, वच्छलाबाई, दोघांना भाकरी-ठेचा वाढायची. गवतांची गावठी नावं सरांना नीट लिहिता येईनात, म्हणून ती सत्यशीलेनं वहीत लिहून दिली. औषधाच्या झाडांच्या वेळी मात्र धुळाजी कुणालाच बरोबर येऊ द्यायचा नाही. तो आणि सर, दोघंच जायचे. तीन वर्षं असं चाललं. मग सर डॉक्टर झाले, प्रबंध कपाटात गेला, आणि मोटारसायकल त्या रस्त्यावर पुन्हा दिसली नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी जालन्याला ग्रंथालयवाल्यांचं दोन दिवसांचं शिबिर झालं. तिथे विकिपीडियावर कसं लिहायचं ते शिकवलं, आणि सत्यशीला त्याला जी चिकटली ती चिकटलीच. ग्रंथालयात दुपारी कुणी नसायचं, तेव्हा सहा कपाटांतली पुस्तकं काढून ती तालुक्यातली गावं, नद्या, किल्ले, पिकं असं एकेक पान लिहायची, खाली पुस्तकाचं नाव आणि पृष्ठ टाकायची. चूक झाली की लांबच्या कुणीतरी ती दुरुस्त केलेली असायची, कधी कान पिळून, कधी गोडीनं. तिला त्याचं फार अप्रूप वाटे. चुकलं म्हणून सांगणारा माणूस तिला कॉलेजात कधी भेटलाच नव्हता.

मग तिच्या मनात आलं, आपण शिकलोय ते एवढंसं. या एकोणीस डॉक्टरांनी एकेक पान लिहिलं तर तालुका उजळून निघेल. ती प्रत्येकाच्या टेबलाशी गेली. एकानं विचारलं, “याला बढतीचे पॉइंट किती?” दुसऱ्यानं विचारलं, “आयएसएसएन नंबर आहे का?” तिसऱ्या मॅडम म्हणाल्या, “तिथं कुणीही लिहितं म्हणे, मग आपल्यात आणि कुणातही फरक काय राहिला?” इतिहासवाले सर सगळ्यांत खरं बोलले. “बाई, सगळं फुकट वाचायला मिळालं तर आम्हाला व्याख्यानाला कोण बोलावणार?”

तरी ती प्राचार्यांच्या मागं लागून लागून एक कार्यशाळा घेऊन मोकळी झाली. ती कार्यशाळा अजून तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. बॅनर छापला, त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो प्राचार्यांपेक्षा मोठा आणि प्राचार्यांचा विषयापेक्षा मोठा. पोहे झाले, दीपप्रज्वलन झालं. अकरा प्राध्यापक आले. प्रत्येकानं आपलं खातं उघडायचं असतं, हे सत्यशीलेनं तीनदा सांगितलं. पण हेडक्लार्कनं आदल्या दिवशीच कॉलेजच्या नावानं एक खातं उघडून पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवला होता. आवक-जावक रजिस्टर एकच असतं, तसं खातंही एकच असावं हा त्याचा हिशेब. आणि त्या अकरा विद्वानांनी आपापला विषय सोडून, सगळ्यांनी मिळून, एकच पान लिहिलं. कुणावर? अध्यक्षांवर. चार दिवसांनी त्यांचा वाढदिवस होता. ‘शिक्षणमहर्षी’, ‘गोरगरिबांचे कैवारी’, ‘अजातशत्रू’. एकानं त्यांच्या मोबाईलचा नंबरसुद्धा टाकला.

जाहिरात म्हणून विकिपीडियावाल्यांनी चाळीस मिनिटांत पान उडवलं. एका तासात कॉलेजच्या खात्याला कुलूप लागलं. तोवर अध्यक्षांना फोन करून ‘साहेब, आता तुम्ही जगात दिसता’ असं कळवून झालं होतं. अध्यक्षांनी बघितलं तर दिसेना. झालं. दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस मिळाली ती सत्यशीलेला, की तुमच्या कार्यशाळेमुळे संस्थेची बदनामी झाली. ग्रुप फोटो मात्र नॅकच्या फाईलमध्ये लागला आणि अकराही जणांना प्रमाणपत्रं मिळाली.

त्या दिवशी ती घरी येऊन भांडी घासताना जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी धुळाजीला लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. माणूस खाटेवर बसून असायचा. सगळं ऐकायचा, सगळं समजायचा, पण तोंडातून शब्द फुटत नसे. आणि तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं, की म्हाताऱ्याबरोबर काय काय मुकं झालंय.

धुळाजीचं पोटफुगीचं औषध पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. ओला कोवळा पाला खाऊन मेंढरू फुगलं, पाय झाडायला लागलं, की लोक रातोरात त्याला बोलवायला यायचे. तो एकटा डोंगरात जायचा, कसलातरी वेल कनवटीला लपवून आणायचा, आडोशाला बसून कुटायचा आणि रस पाजायचा. कोणता वेल, हे त्यानं बायकोला सांगितलं नाही, की साठ मेंढरं राखणाऱ्या पोटच्या पोराला, पुंजारामलाही नाही. औषध सांगितलं की लागू पडत नाही, हा त्याच्या आज्यापासूनचा नेम. मरताना एकाच मुलाच्या कानात सांगायचं, बस्स. मरण येईल तेव्हा जीभ चालू असेल, असं त्या बिचाऱ्या नेमानं धरूनच ठेवलं होतं.

पुंजारामच्या मनात याचं एक शल्य होतं. एकदा तो बहिणीला म्हणाला, “आक्का, बानं मला न्हाई सांगितलं. त्या मास्तरला सांगितलं. तीन वर्षं त्याच्यासंगं डोंगर फिरला. मी काय परका व्हतो?”

सत्यशीला राधेश्याम सरांकडे गेली. एकदा नाही, वर्षभरात पाच-सहादा गेली. प्रबंध इंटरनेटवर खुला टाका म्हणाली, तेवढं नको तर निदान औषधाचं प्रकरण टाका, म्हणजे कुणाही मेंढपाळाला मोबाईलवर बघता येईल, आणि मी त्याच्या आधारानं विकिपीडियावर पान लिहीन. तिथला नियम असा, की माझा बाप म्हणतो हा आधार चालत नाही, छापील लागतं. म्हणजे बापाकडून घेतलेलं बापाच्या लेकीला मिळवायचं तर वाट सरांच्या सहीवरून जात होती. सर दर वेळी गोड हसायचे. “पुस्तक येतंय ना बाई. प्रकाशकाकडं आहे. आधी खुलं टाकलं तर पुस्तक कोण घेईल?” ते पुस्तक सात वर्षं येत होतं.

मागच्या भाद्रपदात, पोळा होऊन आठवडा झाला असेल, सकाळी अकराच्या सुमाराला पुंजारामचा फोन आला. कळप केदारखेड्याच्या अलीकडे एका शेतात बसवला होता, खतासाठी शेतकरी मेंढरं बसवून घेतात तसा. तिथून मेंढरं शेजारच्या ओल्या कोवळ्या रानात घुसली होती.

“आक्का, मेंढरं फुगून राह्यलीत. वीस-बावीस हायेत. ढोराच्या डॉक्टरला फोन लावला, तो अंबडला गेल्ता, चार वाजल्याबिगर येत न्हाई म्हन्ला. मास्तरच्या त्या पुस्तकात बघ. जल्दी कर.”

तिनं राधेश्याम सरांना फोन लावला. ते संभाजीनगरला कसल्याशा परिषदेत होते. “पान नंबर सांगा नाहीतर वेलाचं नाव सांगा,” ती म्हणाली. सर म्हणाले, इतक्या वर्षांनी तोंडपाठ थोडंच असतं, आणि कपाट उघडायचं तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. प्राचार्यही त्याच परिषदेत होते. सत्यशीलेनं फोन ठेवला, ग्रंथालयाच्या दाराला अडसर म्हणून लावलेला दगड उचलला आणि चार घावांत कपाट नंबर सातचं कुलूप फोडलं. शिपाई बघत राहिला. “बघतोस काय, पाणी आण,” ती त्याला म्हणाली.

पान एकशे त्रेचाळीस. फोटो होता, शास्त्रीय नाव होतं, गावठी नाव होतं. गुळगुळीत चकचकीत पानाचा वेल. ते नाव मी इथे देत नाही, का ते लवकरच कळेल. खाली किती कुटायचं, किती पाजायचं ते होतं. त्याच्याखाली तक्ता होता, की बारा मेंढ्यांवर प्रयोग केला, अकरा बऱ्या झाल्या, परिणामकारकता ब्याण्णव टक्के. सत्यशीलेचा ऊर भरून आला. तिनं फोटोचा फोटो काढून भावाला पाठवला आणि सगळं अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. टक्केसुद्धा वाचले.

वेल जवळच्या ओढ्याकाठीच होता. मेंढरं त्याला तोंड लावत नाहीत हे पुंजारामला ठाऊक होतं, पण बानं दाखवलेला आणि पुस्तकात छापलेला म्हटल्यावर त्यानं शंका घेतली नाही. पुंजारामनं आणि त्याच्या बायकोनं दगडावर कुटून चौदा मेंढरांना रस पाजला. बाकीच्यांची पाळी यायच्या आत पहिली पाजलेली मेंढी तोंडाला फेस येऊन पडली. मग दुसरी, मग तिसरी. दुपारी चारला डॉक्टर आला. ज्यांना रस पाजला नव्हता त्यातली बहुतेक त्यानं वाचवली. पाजलेली चौदाच्या चौदा मेली. डॉक्टरनं एकीचं पोट फाडून बघितलं आणि विचारलं, “हा विषारी वेल कुणी सांगितला रे तुला?”

पुंजारामनं फोनवर बहिणीला एवढंच सांगितलं. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

ती तशीच एसटीनं पिंपळगावला आणि तिथून पायी वस्तीवर गेली. रस्ताभर तिनं राधेश्याम सरांना मनातल्या मनात उभं-आडवं फाडलं. अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या तिनं मोबाईल मायपुढे धरला. “बघ माय, त्या मास्तरनं काय छापून ठेवलंय. दुसऱ्याच वेलाचा फोटो. एवढं तीन वर्षं खाऊन-पिऊन गेला आन् हे.”

वच्छलाबाईनं फोटो बघितला. मग खाटेवर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “मास्तर न्हाई चुकला.”

“म्हंजे?”

“तुझ्या बानं त्याला मुद्दाम ह्योच दाखवला. घरी येऊन मला हासत सांगत व्हता. मी म्हन्लं, आवं, ह्यो तं इखारी हाय. तं म्हन्ला, मास्तरकडं कुठं मेंढरं हायेत? त्याला कागदावर पायजे, कागदाला काय हुतंय.”

“आन् खरा कोंचा?”

“मला कधी सांगितलाय का त्यानं?”

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते किती सहज म्हणतात. सत्यशीलेनं आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी एकोणीस डॉक्टरांना शिव्या घातल्या, ती तिच्या अंगणात खाटेवर बसली होती. तिला बापाची कीव यायला हवी होती. नाही आली. मुक्या, अर्ध्या अंगाच्या म्हाताऱ्याचा तिला राग आला.

“बा,” ती म्हणाली, “त्या कॉलेजात मी एका कुलपाशी भांडून राह्यले, मला वाटलं आत तुझं शहाणपण हाय. आत तुझी लबाडी निघाली. तुझ्यात आन् त्यांच्यात काय फरक मला सांग. त्यांना पॉइंट जायची भीती, तुला मान जायची. औषध सांगितल्यानं लागू पडत न्हाई म्हनं. आज न सांगितल्यानं चौदा मेली, ती पुंजारामची व्हती, तुझ्या नातवंडांच्या तोंडातला घास व्हता.”

धुळाजीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. वच्छलाबाई पुढे झाली, “जाऊ दे बाई, आजारी माणूस हाय.”

“आजारी हाय, बहिरा न्हाई,” सत्यशीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं आणि पुंजारामनं डोंगर पालथा घातला आणि मिळतील ते सगळे वेल आणले, सात जातीचे. खाटेवर बापापुढे एकेक मांडले. धुळाजीनं डोळे मिटून घेतले. तो अजूनही सांगायला तयार नव्हता. सवयीची गाठ अशी असते, माणसाची वाचा गेली तरी ती सुटत नाही. पुंजाराम उठून जायला निघाला. सत्यशीलेनं त्याला हाताला धरून खाली बसवलं.

“बा, तुझा नेम हाय ना, मरताना एकाच्या कानात सांगायचं? सांग मंग. बोल. हा बसलाय तुझा पोरगा.”

मग धुळाजीनं डोळे उघडले. डावा हात उचलला, वेलांवरून फिरवला आणि एकावर ठेवला. पान त्या गुळगुळीत वेलासारखंच, पण हात लावला की बारीक लव लागणारं. पुंजारामनं तो वेल उचलून नाकाशी धरला आणि मान खाली घातली. “ह्याच वासाचा रस असायचा,” तो म्हणाला, आणि उठून मेंढरांकडे गेला. बापाशी तो त्या दिवशी बोलला नाही.

सोमवारी सत्यशीला कॉलेजात आली तेव्हा टेबलावर नोटीस होती. कपाट फोडल्याची. ती तिनं न वाचता खणात टाकली आणि पिशवी घेऊन थेट वनस्पतिशास्त्र विभागात गेली. राधेश्याम सर एकटेच होते.

“बाई, तुम्ही हे बरं केलं नाही. मला प्राचार्यांना कळवावं लागलं.”

तिनं पिशवीतून दोन वेल काढून टेबलावर टाकले. “यातला तुमचा कोणता?”

सरांनी क्षणभर बघितलं आणि गुळगुळीत पानावर बोट ठेवलं. माणूस वनस्पतिशास्त्राचा होता, त्यात काही खोटं नव्हतं.

“हा पाजून शुक्रवारी माझ्या भावाची चौदा मेंढरं मेली. पान एकशे त्रेचाळीस बघून पाजला.”

सरांचा चेहरा उतरला. “अहो, पण काकांनीच दाखवला होता. हाच. माझ्याकडं फोटो आहेत.”

“दाखवला. माझा बाप खोटं बोलला. ते मी कबूल करते, पाहिजे तर लिहून देते. पण खाली तक्ता आहे सर. बारा मेंढ्या, अकरा बऱ्या झाल्या. हा वेल पाजून अकरा मेंढ्या बऱ्या होत नसतात. त्या बारा मेंढ्या कुणाच्या होत्या?”

सरांनी उठून दार लावून घेतलं. परत येऊन बसले. टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे केला.

“मेंढ्या नव्हत्या,” ते म्हणाले. “गाईड म्हणाले, तक्ता नसेल तर प्रबंध परत येईल. सगळेच टाकतात म्हणाले. मला वाटलं, हे वाचणार कोण?”

“आता कळलं कुलूप कशाला होतं. कुणी नक्कल मारील म्हणून नाही. कुणी वाचील म्हणून.”

सरांनी पेपरवेट परत जागेवर ठेवला.

“आणि ते पुस्तक? त्यात हेच छापून राह्यले ना तुम्ही? ब्याण्णव टक्के? ते वाचून कोण कोण पाजील, मोजा. माझ्या भावानं तरी आक्काच्या शब्दावर पाजलं. तिथं तर डॉक्टर लिहिलेलं असेल.”

“बाई, मी पुस्तक थांबवतो. आजच फोन करतो. विषय इथंच मिटवू.”

“मिटवू नका, उघडा.” तिचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू जात होता आणि तिला त्याची फिकीर नव्हती. “प्रबंध इंटरनेटवर टाका, सगळ्यांना वाचता येईल असा. वर पहिल्या पानावर दुरुस्ती लिहा, तुमच्या सहीनं. मग मी तिचा आधार घेऊन जिथं लिहायचं तिथं लिहिते. आणि हा दुसरा वेल घ्या. माझा बाप म्हणतो हा खरा. पण त्याच्याही शब्दावर जाऊ नका. गुरांच्या डॉक्टरला बरोबर घ्या, तपासा, आणि लागू पडला का नाही ते जे निघेल ते लिहा. तुम्हाला तेवढं येतं. तेच तर तुम्हाला शिकवलंय, आणि तेवढंच तुम्ही केलं नाही.”

“माझी डॉक्टरेट जाईल.”

“जाईल का नाही मला माहीत नाही. मेंढरं गेली, ते माहीत आहे.”

सर खूप वेळ त्या दोन वेलांकडे बघत बसले. गुळगुळीत पान आणि लवेचं पान शेजारी शेजारी ठेवून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “काकू कशा आहेत? त्यांच्या हातचं खूप जेवलोय मी.” सत्यशीला त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला.

दोन बोटांनी टाइप करायची त्यांची पद्धत होती. पहिलं वाक्य लवकर झालं: पृष्ठ १४३ वर दिलेला वेल विषारी आहे, तो कोणत्याही जनावराला देऊ नये. दुसरं झालं: माहिती देणाऱ्याने चुकीचा वेल दाखवला आणि मी तो तपासला नाही. तिसऱ्यापाशी बोटं थांबली. सत्यशीला त्यांच्या खुर्चीमागं उभी होती, ती तिथून हलली नाही. बाहेर तास संपल्याची घंटा झाली, पोरं व्हरांड्यातून गेली, परत शांत झालं. मग सरांनी लिहिलं: तक्त्यातला प्रयोग प्रत्यक्षात केलेला नाही.

त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. “माहिती देणाऱ्याचं नाव प्रबंधात टाकलं नव्हतं,” ते मागं न बघता म्हणाले. “इथंही नको टाकायला. एवढं चुकीचं म्हणून लिहितोय, उगाच काकांची बदनामी.”

सत्यशीलेला घरातली खाट दिसली. बाप डावा हात मांडीवर ठेवून बसला असेल. या वयात, या अवस्थेत, आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव कुठंतरी लिहिलं जाणार, आणि ते त्याच्या खोट्याखाली.

“टाका,” ती म्हणाली, आणि बापाचं पूर्ण नाव, आज्याच्या नावासकट, वस्तीसकट, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.